गाहीतले तीन

हर्णैच्या पुळणीवर लिलाव चारला उभा राहतो
आणि माझा नववीचा इतिहास साडेतीनला.
म्हणजे अर्ध्या वर्गाचे कान आधीच खाली उतरलेले,
बर्फ फोडल्याच्या आवाजाकडे.

अमेरिकेची राज्यघटना पुस्तकात एका परिच्छेदाची.
स्वातंत्र्य, समता, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.
मी पुस्तक मिटलं आणि परिच्छेदात नव्हतं ते सांगितलं:
सतराशे सत्त्याऐंशीचा उन्हाळा, फिलाडेल्फिया,
बाहेर शब्द जाऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या,
आत जाड कोटांतले पुरुष घामाघूम,
आणि वाद असा, की राज्याची माणसं मोजताना
गुलाम धरायचे किती.

"माणसां मोजायला वाद कसला?" मागच्या बाकावरून.
गाही माहीत आहे ना, मी म्हटलं, पाचाची?
त्यांनी गाही लावली
आणि पाचातले तीन धरले.

"बाई, दोन कुणी मारले?"
वर्ग हसला. लिलावात असं कुणी केलं
तर पाटी त्याच्याच डोक्यात बसते.

माझ्याजवळ यानंतरचं वाक्य तयार होतं,
माणूस म्हणजे अपूर्णांक नव्हे, वगैरे.
सोळा वर्षं मी ते इथेच म्हणते
आणि इथेच जरा थांबते, परिणामासाठी.

पण हर्षदा पावसे उभी राहिली होती.
"पाचच्या पाच धरा, असा कोण म्हणत होता?"
मालक, मी म्हटलं. गुलामांचे मालक.
"आणि एकपण नको म्हणणारे?"
ज्यांच्याकडे गुलाम फारसे नव्हते, ते.
"गुलामांना मत?"
नाही.
तिने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी मांडलं, खोडलं.
"मग बाई, तीन कमी नाय झाले.
तीन जास्त झाले."

खाली कुणीतरी सुरमईचा भाव पुकारत होतं.

"आमचे बापाचा नाव सोसायटीन हाय," ती म्हणाली,
"बोटीवरच्या आठी खलाशांचा हाय.
सभेला हात वर करतो नाखवा. नऊ मतां.
यंदा बोलतो, अजून चार नावां घाला."

मी फळ्याकडे वळले, पुसण्यासारखं काही नव्हतं.
ते कलम जायला ऐंशी वर्षं लागली, एवढंच बोलले,
आणि एक युद्ध. घंटा झाली.

मग ती पोटनियम घेऊन घरी यायला लागली.
सोसायटीच्या कारकुनाने तिला तीनदा परत पाठवलं,
चौथ्यांदा दिले, मधली दोन पानं वगळून.
ती दोन पानं आम्ही दापोलीच्या कचेरीतून काढली,
एसटीचे पैसे माझे, हुज्जत तिची.
सभासदांच्या वहीत हिराजी पावसेचा अंगठा होता,
पुढच्या रकान्यात नाखवाची झोकदार सही,
निळ्या शाईची, आठही ओळींवरून एकदाच फिरवलेली.

सभा नारळीपौर्णिमेनंतरच्या रविवारी.
आम्ही दोघी दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशी;
सभासद नसलेल्यांना आत मज्जाव, हे त्याच पोटनियमांत.
तिथून सुवर्णदुर्गाची अर्धी भिंत दिसत होती
आणि हिराजीची पूर्ण पाठ.

ठराव वाचला गेला. चार नवीन नावं.
नाखव्याने सवयीने हात उचलला.
"विरोधात?" सचिवांनी मान वर न करता विचारलं,
कारण विरोधाचा रकाना त्या वहीत कोराच असायचा.

एक हात निघाला. खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला,
दोराने कापलेला, मिठाने पांढुरका,
वर जात नव्हता की खाली.

सचिवांचं पेन थांबलं. त्यांनी नाखव्याकडे पाहिलं, मग हाताकडे.
"हिराजी, हा हात कुणाचा धरू?"

हिराजीने मान वळवून आपल्याच पंज्याकडे पाहिलं,
जाळ्यात ओळखीचं नसलेलं काही आलं की पाहतात तसं.

"माजाच दिसतंय," तो म्हणाला.